वर्गातील मुलाची वाढ आणि शरीरातील दोन लहान ग्रंथी



प्राथमिक शाळेत दरवर्षी मुलांची उंची व वजन घेऊन त्याची नोंद करण्याची पद्धत जुनी आहे. परंतु पुष्कळ शाळांत हे काम केवळ उरकावयाचे काम समजले जाते. भिंतीवरील खुणेशी मूल उभे करावयाचे, आकडा मोठ्याने सांगावयाचा, तो रकान्यात लिहावयाचा आणि पुढील मुलास हाक मारावयाची, एवढ्यात ते संपते. कामाच्या गर्दीत कोठे कोठे तर गतवर्षीच्या आकड्यात अंदाजाने पाच सेंटिमीटर मिळवून रकाना भरला जातो. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा अंदाज खराही ठरतो. परंतु ज्या एखाद्या मुलाची वाढ खरोखरच थांबलेली असते, नेमके त्याचेच दुखणे या अंदाजी आकड्याखाली झाकले जाते. कागदावर ते मूल वाढत राहते आणि प्रत्यक्षात मात्र होते तेथेच असते.

मुलाची वाढ थांबण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी पोषग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी या दोन लहानशा ग्रंथींच्या बिघाडाचा विचार येथे करावयाचा आहे. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे पिट्युइटरी व ॲड्रेनल म्हणतात, आणि डॉक्टरांच्या तोंडी हीच नावे अधिक ऐकू येतात. या ग्रंथींचे विकार संख्येने थोडे आहेत. तथापि ते वेळीच ओळखले गेले तर त्यांपैकी बहुतेकांवर चांगला उपचार होतो, आणि ओळखले गेले नाहीत तर काहींत मुलाची उंची कायमची खुंटते, काहींत दृष्टी जाते व काहींत प्राणही जातो. ते लवकर ध्यानात येण्याची सोय जितकी शाळेत आहे तितकी अन्यत्र क्वचितच असेल.

प्रथम या ग्रंथींची ओळख करून घेणे इष्ट आहे. शरीरातील काही ग्रंथींचा रस नलिकेवाटे बाहेर येतो. लाळ, घाम व अश्रू ही त्यांची परिचित उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नलिका नसते. त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो व रक्ताबरोबर दूरच्या इंद्रियांपर्यंत पोचून तेथील काम वाढवितो किंवा आवरतो. अशा स्रावांना हॉर्मोन हे नाव इंग्रज शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली दिले. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात.

पोषग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खोलगट जागेत बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा आणि वजन सुमारे अर्धा ग्रॅम. परंतु तिचा अधिकार मोठा आहे. शरीराची उंची वाढविणारे संप्रेरक तीच निर्माण करते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी व जननग्रंथी यांनी किती काम करावे याचे आदेशही तिच्याकडून जातात. तिच्या मागील भागातून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवावयास सांगते.

अधिवृक्क ग्रंथी दोन असतात. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपी ठेवावी तशी एकेक ग्रंथी असून तिचे वजन सुमारे चार-पाच ग्रॅम भरते. तिचा गाभा ॲड्रेनॅलिन तयार करतो. भय वाटताच छातीत धडधडते व अंगाला घाम सुटतो, तो त्याचा प्रताप. बाहेरील आवरणात कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरोन व काही लैंगिक संप्रेरके बनतात. उपवास, ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक संकटात रक्तातील साखर व रक्तदाब सांभाळण्याचे काम कॉर्टिसॉल करते. शरीरातील मीठ टिकविण्याचे काम अल्डोस्टेरोनकडे असते.

या दोन ग्रंथींचा परस्परसंबंध शिक्षकांना समजावयास अवघड नाही. जिल्हा परिषदेकडून पंचायत समितीस आदेश जावा, काम झाल्याचा अहवाल वर यावा आणि तो पाहून पुढील आदेश कमी-अधिक करावा, तसाच हा व्यवहार चालतो. पोषग्रंथी आदेश देते, अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते, आणि रक्तात ते पुरेसे झाले की पोषग्रंथी आपला आदेश आवरता घेते. म्हणून बिघाड वरच्या कचेरीत आहे की खालच्या, हे डॉक्टरांना शोधावे लागते. लक्षणे सारखी दिसली तरी कारण निराळे असू शकते.

हे ज्ञान फार जुने नाही. १८५५ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी अकरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रुग्ण दिवसेंदिवस अशक्त होत गेले, त्यांची अन्नावरील वासना उडाली, त्वचा काळवंडली व अखेर ते मृत्यू पावले. मृत्यूनंतर तपासता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळल्या आणि त्यांतील अनेकांत त्या क्षयाने खाल्लेल्या होत्या. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले की, या ग्रंथी काढून टाकल्यास प्राणी जगत नाही. तरीही उपचार सापडावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. कॉर्टिसोन हे औषध रुग्णास प्रथम १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये देण्यात आले, आणि या संशोधनाबद्दल केंडाल, राइखश्टाइन व हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना ॲडिसनचा विकार होता. १९४७ साली त्याचे निदान झाले, आणि रोजच्या औषधाच्या आधाराने ते १९६१ साली अध्यक्षपदावर बसले. पूर्वी जो विकार म्हणजे मृत्यूचे बोलावणे समजत, त्या विकाराचा माणूस रोज गोळ्या घेऊन आपले काम करू शकतो, हा फरक एका शतकात पडला.

आता हे विकार वर्गात कसे दिसतात ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट उंचीची. चार वर्षांनंतर व वयात येण्यापूर्वी निरोगी मूल वर्षाला साधारणपणे पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. एखादे मूल बुटके आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आईबाप ठेंगणे असतील तर मूलही ठेंगणे असणार. परंतु ते मूल आपल्या चालीने का होईना, दरवर्षी वाढत असले पाहिजे. एका वर्षात चार सेंटिमीटरहून कमी वाढ झाली तर त्याची चौकशी व्हावयास हवी. मुलगा किती उंच आहे यापेक्षा तो गतवर्षीपासून किती वाढला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शिवाय या प्रश्नाचे उत्तर एका मोजणीत मिळत नाही. दोन वर्षांच्या दोन खऱ्या नोंदी हाताशी असतील तरच ते मिळते.

अशा मुलात कारण बहुधा साधे निघते. अपुरा आहार, जंत, रक्तक्षय, क्षय, वारंवार होणारे जुलाब यांनी वाढ मंदावते व खेड्यात हीच कारणे अधिक आढळतात. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले तरी मूल वाढत नाही, सुस्त होते व अभ्यासात मागे पडते. त्यावरील गोळी स्वस्त आहे. हे सर्व पाहून झाल्यावर काही थोडी मुले अशी उरतात की ज्यांच्या पोषग्रंथीतून वाढीचे संप्रेरकच पुरेसे येत नाही. अशा मुलाचा बांधा प्रमाणबद्ध असतो, चेहरा वयाहून लहान व बाळसेदार दिसतो आणि बुद्धी बहुधा अगदी चांगली असते. चौथीतील हुशार मुलगा पहिलीतील मुलाएवढा दिसतो, पाहुणे त्याला खालच्या वर्गात नेऊन बसवितात, सोबती त्याला नाटकात नेहमी बाळाचीच भूमिका देतात. यात थट्टा होते, पण तपासणी होत नाही.

या मुलांसाठी उपचार आहे. १९५८ साली अमेरिकेत मॉरिस रेबेन यांनी मृत माणसांच्या पोषग्रंथींतून काढलेले संप्रेरक टोचून एका रुग्णाची उंची वाढविली. पुढे सत्तावीस वर्षे हाच मार्ग होता. परंतु अशा औषधातून काही रुग्णांना मेंदूचा एक असाध्य रोग झाल्याचे १९८५ साली उघडकीस आले व ते बंद झाले. त्याच वर्षी सूक्ष्मजीवांकडून तयार करविलेले शुद्ध संप्रेरक अमेरिकेत उपलब्ध झाले व तो धोका टळला. हे औषध महाग आहे व वर्षानुवर्षे टोचावे लागते. त्यातील खरी अडचण मात्र काळाची आहे. लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा एक मऊ थर असतो. वयात येऊन काही वर्षे लोटली की तो थर हाडात मिळून जातो, आणि त्यानंतर कितीही औषध दिले तरी उंची वाढत नाही. सातव्या वर्षी दवाखान्यात पोचलेल्या मुलास जे मिळू शकते, ते सतराव्या वर्षी पोचलेल्यास मिळत नाही. मधली दहा वर्षे त्याने बहुतांशी शाळेतच काढलेली असतात.

याच्या उलट प्रकारही घडतो. पोषग्रंथीत गाठ किंवा अतिरिक्त वाढ होऊन वाढीचे संप्रेरक प्रमाणाबाहेर सुटले तर मूल राक्षसी वेगाने वाढते. अमेरिकेतील ऑल्टन गावचा रॉबर्ट वॅडलो १९१८ साली जन्मला तेव्हा इतर अर्भकांसारखाच होता. आठव्या वर्षी तो वडिलांहून उंच झाला, आणि शाळेत त्याच्यासाठी निराळे मेज करवून घ्यावे लागले. अखेरीस त्याची उंची २७२ सेंटिमीटर भरली. पायांतील संवेदना मंदावल्यामुळे आधाराच्या पट्टीने घोट्याशी झालेला फोड त्याच्या वेळीच लक्षात आला नाही. तो चिघळून १९४० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्या काळी त्या वाढीस आवर घालणारा उपचार नव्हता. आज शस्त्रक्रिया व औषधे आहेत. वाढ पुरी झालेल्या प्रौढात हाच बिघाड झाला तर उंची वाढत नाही, परंतु हात, पाय, जबडा व नाक मोठे होत जातात, बोटातील अंगठी व पायातील वहाण दर वर्षी घट्ट होते. १८८६ साली पियेर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले.

दुसरी गोष्ट लठ्ठपणाची. सध्या खेड्यांतही मुले लठ्ठ होऊ लागली आहेत व त्यांतील बहुसंख्य मुलांत ग्रंथींचा काही दोष नसतो. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. अधिक खाण्याने लठ्ठ झालेले मूल बहुधा उंचीतही वर्गाच्या बरोबरीने किंवा पुढे असते. परंतु वजन वाढते आहे आणि उंची मात्र थांबली आहे, असे ज्या मुलात दिसेल त्यास डॉक्टरांकडे अवश्य पाठवावे. कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर झाल्याने असे घडते. चेहरा गोल व लालसर होतो, मानेमागे चरबी साठते, पोटावर जांभळट पट्टे उमटतात, हातापायांतील जोर मात्र कमी होतो. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले व १९३२ साली त्याचा संबंध पोषग्रंथीतील बारीक गाठींशी जोडला; म्हणून त्यास कुशिंगचा विकार म्हणतात. रकान्यातील उंची आणि वजन हे दोन आकडे एकत्र वाचले तर ही कसोटी कोणत्याही शिक्षकास लावता येते.

तिसरी गोष्ट थकव्याची. ॲडिसनच्या विकारात मूल हळूहळू क्षीण होते. वजन घटते, भूक लागत नाही, पोट दुखते, उलट्या होतात, प्रार्थनेच्या रांगेत उभे राहताना घेरी येते. कित्येकांना खारट खाण्याची विलक्षण ओढ लागते. नुसते मीठ चाटणारे मूलही दिसते. रंग काळवंडतो. आपल्याकडे मुळातच सावळ्या असलेल्या त्वचेत हा बदल सहज कळत नाही, म्हणून तळहाताच्या रेषा, हिरड्या, बोटांचे सांधे व जुन्या जखमांचे व्रण पाहावेत. ते पूर्वीपेक्षा काळे झालेले दिसले आणि मूल थकतही असले, तर ते उन्हाने रापले आहे असे म्हणून सोडून देऊ नये. अशा मुलास ताप, जुलाब किंवा अपघात झाला की त्याचा रक्तदाब एकाएकी कोसळतो. घरच्यांना वाटते, साधा ताप होता आणि मूल गेले.

चौथी गोष्ट तहानेची. एखादा मुलगा तासातून दोनदा पाणी पितो व तितक्याच वेळा लघवीस जाण्याची परवानगी मागतो. वर्ग चुकविण्याचा बहाणा म्हणून त्याला खाली बसविले जाते. मग वर्गातच कपडे ओले होतात आणि त्या शरमेने तो शाळेस येईनासा होतो. अशा मुलाच्या साखरेची तपासणी त्याच दिवशी व्हावी, कारण लहान मुलांचा मधुमेह फार झपाट्याने जिवावर येतो. साखर ठीक असूनही तहान टिकली तर पोषग्रंथीच्या मागील भागाचे पाणी राखणारे संप्रेरक कमी पडत असण्याचा संभव असतो. त्याची उणीव औषधाने भरून काढता येते. तपासणी होईपर्यंत अशा मुलास पाणी पिण्यास किंवा लघवीस जाण्यास कधीही अडवू नये.

पाचवी गोष्ट डोळ्यांची. पोषग्रंथीच्या अगदी वरून दृष्टीचे मज्जातंतू जातात. तेथे गाठ वाढली तर ती त्यांच्यावर दाबते व प्रथम दोन्ही बाजूंचे, कानांकडचे दिसणे कमी होते. मुलास समोरचे अक्षर नीट वाचता येते, पण ते दाराच्या चौकटीस धडकते, शेजारून आलेला चेंडू त्याला दिसत नाही. त्यासोबत सकाळी डोके दुखणे, उलटी होणे व वाढ थांबणे ही लक्षणे असतील तर एक आठवडाही दवडू नये. गेलेली दृष्टी नेहमीच परत येते असे नाही.

सहावी गोष्ट नाजूक आहे. मुलीमध्ये आठ वर्षांच्या आत किंवा मुलामध्ये नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हे दिसू लागली तर ते अकाली समजावे. कधी पोषग्रंथीचा आदेश लवकर सुटतो, कधी अधिवृक्क ग्रंथीत जन्मतःच दोष असतो. असे मूल आरंभी वर्गात सर्वांत उंच असते व आईबापांना त्याचे कौतुक वाटते. परंतु त्याची हाडे लवकर मिटतात व मोठेपणी ते ठेंगणे राहते. उलटपक्षी तेरा वर्षांपर्यंत मुलीमध्ये व चौदा वर्षांपर्यंत मुलामध्ये काहीच चिन्ह दिसले नाही तर तेही दाखवून घ्यावे. मुलीसंबंधी बोलावयाचे ते शिक्षिकेने तिच्या आईशी एकान्तात बोलावे. चारचौघांत या विषयाचा उच्चारही होऊ नये.

येथपर्यंत शरीरात आपोआप होणाऱ्या बिघाडांचा विचार झाला. आता माणसाने ओढवून घेतलेल्या बिघाडाचा विचार केला पाहिजे, कारण खेड्यात तोच अधिक आढळतो. कॉर्टिसोनच्या जातीच्या औषधांना बोलीभाषेत स्टेरॉइड म्हणतात. दमा, मूत्रपिंडाचा एक विकार, सांधेदुखी, त्वचारोग अशा अनेक दुखण्यांत डॉक्टरांनी मोजून दिलेले हे औषध अमृतासारखे आहे. परंतु बाजारात बिननावाच्या पुड्या व गोळ्या मिळतात, त्यांत कित्येकदा हेच औषध मिसळलेले असते. दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, भूक वाढते, अंग भरते, आणि पुडी देणाऱ्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तदाब व साखर वाढते आणि मुलाची उंची थांबते. गोरे होण्यासाठी चोळावयाच्या काही मलमांतही स्टेरॉइड असते. २०२१ सालच्या करोनाच्या साथीत बेसुमार स्टेरॉइड व अनावर मधुमेह यांच्या जोडीने काळ्या बुरशीचा रोग कसा फैलावला, ते महाराष्ट्राने पाहिलेच आहे.

याहून मोठा धोका हे औषध अकस्मात बंद करण्यात आहे. बाहेरून आयते औषध मिळू लागले की पोषग्रंथी आदेश देणे थांबविते व अधिवृक्क ग्रंथी आळसावून आक्रसते. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेले औषध एका दिवसात तोडले तर ती ग्रंथी लगेच जागी होत नाही, आणि त्याच सुमारास ताप आला तर ॲडिसनच्या रुग्णावर येते तेच संकट येते. म्हणून शिक्षकाने पालकांना दोन गोष्टी सांगाव्यात. बिननावाची पुडी सुरू करू नये, हे खरेच. परंतु ती पुष्कळ दिवस चालू असेल तर एकदम टाकूनही देऊ नये; पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे व त्यांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी. दम्याच्या मुलास डॉक्टरांनी ओढण्यासाठी दिलेल्या फवाऱ्याची मात्र भीती घालू नये. त्यात औषधाची मात्रा अत्यल्प असते, व तो बंद केल्याने दमाच बळावतो.

गावातील मोठ्या माणसांच्या संबंधातही दोन प्रसंग शिक्षकास ठाऊक असावेत, कारण घरची आई अंथरुणास खिळली की मुलाची शाळा सुटते. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला तर पोषग्रंथीस रक्त न मिळून ती निकामी होऊ शकते. इंग्रज डॉक्टर शीहान यांनी १९३७ साली हे दाखवून दिले. अशा स्त्रीस दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थंडी सोसत नाही, ती वर्षानुवर्षे मरगळलेली राहते व घरात तिला आळशी म्हणतात. दुसरा प्रसंग घोणसाच्या दंशाचा. घोणसाच्या विषानेही पोषग्रंथी अशीच निकामी होऊ शकते. १९८७ साली ब्रह्मदेशातील अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. घोणस चावून वाचलेला शेतकरी किंवा मुलगा पुढे काही महिन्यांनी खंगू लागला, त्याची वाढ थांबली किंवा दाढी विरळ झाली, तर डॉक्टरांना त्या दंशाची हकीकत आवर्जून सांगावी. ते सांगितले नाही तर हा विचार डॉक्टरांच्या मनात सहसा येणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते पाहू.

उंची मोजताना मूल अनवाणी असावे. टाचा, कुल्ले व पाठ भिंतीस टेकलेली, गुडघे ताठ, नजर समोर. मुलीची वेणी किंवा अंबाडा वर आलेला नसावा. डोक्यावर काटकोन्या किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात टेकवून खूण करावी व मिलिमीटरपर्यंत वाचावे. एका मुलाची उंची दोनदा घ्यावी. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक आला तर तिसऱ्यांदा घ्यावी. दर वर्षी त्याच महिन्यात, शक्यतो त्याच वेळी मोजावे. आकड्याशेजारी तारीख लिहावी, आणि त्याच्याही शेजारी एक रकाना आखून त्यात गतवर्षीपासून झालेली वाढ लिहावी. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. मूल वरच्या वर्गात गेले की जुने आकडे नव्या वर्गशिक्षकाकडे जावेत. प्रतिवर्षी नवी वही सुरू करून जुनी रद्दीत टाकली तर मोजण्याचा उपयोगच राहत नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची योजना आहे. पथक एका दिवसात अनेक मुले पाहते; गतवर्षी मूल कसे होते हे त्यास माहीत नसते. ते शिक्षकास माहीत असते. म्हणून पथक येण्यापूर्वीच ज्यांची वाढ चार सेंटिमीटरहून कमी झाली, ज्यांचे वजन वाढून उंची थांबली, ज्यांना वर सांगितलेल्यांपैकी काही चिन्हे आहेत, अशांची यादी तयार ठेवावी व ती डॉक्टरांच्या हाती द्यावी. ज्या लक्षणांत घाई सांगितली आहे त्यांत पथकाची वाट न पाहता मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवावे.

शिक्षकाने निदान करू नये. तुमच्या मुलास अमुक रोग आहे असे पालकांना सांगणे चूक आहे. मूल गेल्या वर्षात केवळ दोन सेंटिमीटर वाढले आहे, हे डॉक्टरांना दाखवा, एवढेच सांगावे व आकडे लिहून द्यावेत. तोंडी सांगितलेली काळजी दवाखान्यात पोचेपर्यंत पातळ होते. लिहिलेला आकडा तसा होत नाही.

ज्या मुलाचे अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराचे निदान झाले आहे, ते मूल शाळेत असेल तर सर्व शिक्षकांना ते माहीत असावे. त्याची गोळी कधीही चुकू नये. सहलीस जाताना औषध बरोबर असावे. त्याला ताप आला तर औषधाची मात्रा वाढवावी लागते, ती किती हे डॉक्टरांकडून पालकांनी लिहून आणलेले असावे व त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असावी. त्या मुलास उलट्या होऊन गोळी टिकत नसेल, ते निपचित पडले असेल किंवा त्यास मोठी दुखापत झाली असेल, तर पालकांच्या येण्याची वाट पाहू नये. मिळेल त्या वाहनाने त्याला दवाखान्यात न्यावे व याला हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनची तातडीने गरज आहे हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या जवळजवळ प्रत्येक लक्षणास वर्गात एक नाव अगोदरच मिळालेले असते. वाढ थांबलेला तो गिड्डा, कॉर्टिसॉलने सुजलेला तो ढोल्या, ॲडिसनचा रोगी तो आळशी, तहानलेला तो कामचुकार, बाजूचे न दिसणारा तो धांदरट. मुले ही नावे ठेवतात, आणि कधी कधी शिक्षकही तीच उच्चारतात. एकदा नाव पडले की त्या मुलाकडे कोणी विकार म्हणून पाहत नाही. तो त्याचा स्वभाव ठरतो. उपचार चालू असताना औषधाने चेहरा सुजलेल्या मुलास तर सोबत्यांच्या थट्टेचा जाच औषधाहून असह्य होतो, व तो गोळ्या गुपचूप फेकून देतो. त्यातील धोका वर सांगितलाच आहे. म्हणून वर्गात कोणासही शरीरावरून नाव ठेवू न देणे हे केवळ शिष्टाचाराचे काम नसून या मुलांच्या बाबतीत ते उपचाराचाच भाग होय.

एका शाळेत असे मूल अनेक वर्षांत कदाचित एकही निघणार नाही. शंभर मुलांच्या नोंदी नीट ठेवल्या तर त्यांतील बहुतेकांची वाढ योग्यच आढळेल, काहींना आहार व जंताचे औषध लागेल, आणि ते झाले तरी श्रमाचे चीज झाले. परंतु एखाद्या वर्षी एका मुलाच्या नावापुढे वाढीच्या रकान्यात दीड सेंटिमीटर हा आकडा येईल. त्या दिवशी तो आकडा खरा लिहिलेला असावा, आणि तो वाचणारा शिक्षक त्या मुलाच्या घरी जावा.